आठवी शिदोरी

रिबकाबाईच्या घरात आठवं पोर आहे, हे आमच्या गावात सगळ्यात आधी मला कळलं, आणि कळल्याबरोबर ते सांगून टाकायचं मी ठरवलं. हे आधीच कबूल करून मोकळी होते. नाहीतर पुढं तुम्ही मला भली बाई समजाल आणि मीही समजू देईन. या वयात स्तुती फार गोड लागते.

गावाचं नाव सांगत नाही. तामलवाडीपासून तीन कोस आणि सोलापूरची हद्द हाकेच्या अंतरावर, एवढं पुरे. साल १९४८, भादवा महिना. आठ दिवसांपूर्वी सोलापूरच्या बाजूनं हिंदुस्थानी लष्कराच्या गाड्या आल्या आणि मोगलाई संपली. निजामाच्या राज्याला आम्ही मोगलाईच म्हणायचो. लोकांनी तुळजापूरच्या वाटेवर गुलाल उधळला. मी घरात बसून होते. आषाढात माझा नवरा शिवलिंग सोलापूरहून मीठ घेऊन येत होता, तेव्हा रझाकारांनी त्याला ओढ्यात गाठलं. बैलं आपली आपण घरी आली. त्याला दुसऱ्या दिवशी चौघांनी आणला. मी वीस वर्षांची, पदरात चार वर्षांचा बसवराज, आमचा बसू. मला गुलालाचं काय कौतुक?

गुलाल धुऊन निघाला नाही तोच सूड सुरू झाला. आजूबाजूच्या गावांतून धूर दिसायचा. ज्यांनी लोकांना छळलं होतं ते केव्हाच पळाले होते. ज्यांनी काहीच केलं नव्हतं ते घरी बसून राहिले, आणि सापडले तेच. हे आज कळतं. तेव्हा धूर दिसला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

आता रिबकाबाई. बाई मूळची बार्शीकडची, महाराघरची. आईबापांनी दुष्काळात मिशनचा आसरा घेतला आणि तिथंच ख्रिस्ती झाले. नवरा मिशनचा मास्तर. आमच्या गावात महारवाड्यातल्या पोरांसाठी शाळा काढायला आला आणि दोन वर्षांत प्लेगनं गेला. शाळा बंद पडली, ही मात्र राहिली. गावाच्या कडेला दोन खणांचं मातीचं घर, दारात एक बकरी. घराची मागची भिंत आमच्या खळ्याला लागून. आम्ही लिंगायत, शेतीवाले. म्हणजे शेजार भिंतीपुरताच, पाण्याचा नव्हे.

नवरा गेला त्याच वर्षी खुरपणीच्या दिवसांत एका बाईचं रांगतं पोर बांधावरून विहिरीत गेलं. बाया पोरांना झाडाला झोळी बांधून निजवायच्या आणि पाठमोऱ्या खुरपत पुढं जायच्या. दुसऱ्या दिवशी रिबकाबाई दारोदार हिंडली. “पोरं माज्याकडं ठिवा. म्या बघते. मला दुसरं काय काम हाय?” लोकांनी तोंडं फिरवली. किरिस्तावाकडं पोर ठेवायचं म्हणजे सरळ बाटवायचंच की. शेवटी माझी सासू सिद्धम्मा पुढं झाली. तिला मी अत्ती म्हणायची, आमच्यात कानडी चालते. गावात अत्तीच्या शब्दाला मान होता आणि जिभेला धाक. तिनं अंगणाबाहेर उभं राहून तीन अटी घातल्या.

“भाकर तुजी न्हाय. पाणी तुजं न्हाय. गाणं तुजं न्हाय. पोरांस्नी सांभाळायचं तेवढं सांभाळ.”

रिबकाबाई म्हणाली, “चालंल, आक्का.”

त्यातून ती पद्धत पडली. प्रत्येक आई पोराची शिदोरी आपल्या फडक्यात बांधून द्यायची. कुणाचं लाल, कुणाचं धोतराचं, कुणाची गाठ मोरासारखी, कुणाची नुसती आवळलेली. रिबकाबाईनं ओसरीच्या भिंतीत बाभळीच्या आठ खुंट्या ठोकल्या, त्याही लांब लांब, एकाची शिदोरी दुसऱ्याच्या शिदोरीला लागू नये म्हणून. ज्याची त्याची खुंटी ठरलेली. त्या साली पोरं सातच येत होती, आठवी खुंटी रिकामी. पाण्याची घागर आमच्या घरची, आमच्या विहिरीची, आणि त्यातलं पाणी आमच्यातल्याच मोठ्या पोरानं ओतायचं. ती स्वतः घागरीला बोट लावत नसे. पोरं जेवत तेव्हा ती दाराशी बसून बघत राही. गाणं म्हणे ते पोरं घरी गेल्यावर, एकटीच, बकरीला पाला घालताना. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं.

चौदा वर्षं तिनं त्या अटी पाळल्या. नाकं पुसली, उवा काढल्या, खरजेला कडुलिंब चोळला, आणि एकाही पोराला आपल्या हातचा घास दिला नाही. पोर उपाशी रडत असेल तर त्याच्या आईला शेतातून बोलवायला जायची, पण अट मोडायची नाही. मला तर तिचा रागच यायचा. एवढं चांगलं असू नये माणसानं, शेजाऱ्यांची पंचाईत होते.

आणि बाई खोटं बोलत नव्हती. एकदा तिची बकरी आमच्या मुगात शिरली. कुणी पाहिलं नव्हतं. तीच आली, म्हणाली, “आक्का, माज्या बकरीनं तुमच्या मुगाच्या दोन वळी खाल्ल्या.” अत्तीनं तिला दोन दिवस शिव्या घातल्या आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “ही बाय सांगंल त्ये इचारून बघायची गरज न्हाय.”

जेठात रझाकार आले तेव्हा आमचे पुरुष हद्दीपलीकडं लपले होते. बाया मिळेल तिकडं पळाल्या. ती मात्र पोरांना घेऊन ओसरीवरच बसली. त्यांनी विचारलं, गावातले पुरुष कुठं आहेत? दुसरी कुणी म्हणाली असती, मला काय ठाऊक. ही म्हणाली, “ठाऊक हाय. सांगणार न्हाय.” त्यांनी बंदुकीचा दस्ता तिच्या कानशिलावर हाणला. डावा कान कायमचा गेला. त्या पुरुषांत माझा नवराही होता. त्या दिवशी तो वाचला तो तिच्यामुळं.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी सांगायचं ठरवलं.

झालं असं. दुपारी मी खळ्यातल्या गोवऱ्या काढायला गेले. भिंतीचा वरचा थर पावसानं ढासळला होता. पलीकडं बघते तर पडवीत रिबकाबाई एका पोरीचे केस विंचरत बसलेली. परकर आमच्यासारखाच, तिच्या जुन्या लुगड्यातून शिवलेला. पण पोरीच्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना वरपासून खालपर्यंत भोकांची ओळ होती. बाळ्या काढून ठेवलेल्या. अशी भोकं आमच्यात पाडत नाहीत. मग मी तोंड पाहिलं. पोरगी माझ्या ओळखीची होती. दोन कोसांवरच्या गावचा मौला पिंजारी, त्याची ही जैनू. माझ्या लग्नाच्या गाद्यांचा कापूस मौलानंच पिंजला होता. त्यानंतर एका वर्षी तो आला तेव्हा तान्ही जैनू कापसाच्या ढिगात ठेवलेली असायची. तिची आई बाळंतपणातच गेली होती आणि तीन महिने तिला बकरीचं दूध घालून जगवलं होतं ते रिबकाबाईनंच.

“ही कुणाची गं?” मी भिंतीवरूनच विचारलं. रिबकाबाई माझ्या आईएवढी होती, पण आम्ही तिला अगंतुगंच करायचो. तेव्हा त्याची लाज वाटत नव्हती.

“मौलाची जैनू हाय,” ती म्हणाली. सरळ. कंगवासुद्धा थांबला नाही.

“बाप कुठाय?”

“ठाऊक हाय. सांगणार न्हाय.”

तेच शब्द. माझ्या अंगाची आग झाली. “माजा धनी वढ्यात पडला तवा ह्यांच्यातला कुणी आला व्हता का? उद्या मानसं यायलीत. शेजारच्या गावाला येऊन गेलीत. म्या सांगणार त्यास्नी.”

ती उठून भिंतीशी आली आणि चांगला कान माझ्याकडं केला. मला वाटलं, आता पाया पडेल, रडेल, देवाचं सांगेल. मी त्याच्या तयारीनंच उभी होते.

“सूनबाई, तुमचं तोंड म्या धरणार न्हाय. पोरीला घिऊन पळायला मला पाय न्हाईत आन लपवायला दुसरं घर न्हाय. माज्या देवानं मला शेजारी नेमून दिल्यात, निवडून घ्ये म्हनला न्हाय. मौला बी शेजारी, तुमी बी शेजारी.” मग म्हणाली, “बसूच्या पायाचं गळू उद्या फुटायला यील. आज जवसाचं पोटीस बांधलंय. सकाळच्याला त्येला जरा लवकर धाडा.”

मी गोवऱ्या तिथंच टाकून घरी आले.

अत्ती सोप्यात उडदाच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती तर माझ्या दुप्पट जळत असणार. नवरा माझा होता, पण लेक तिचा. तिनं शेंगांवरची नजर काढली नाही.

“केवढी हाय?”

“चारेक वर्साची.”

“आपल्या बसूएवढी,” ती म्हणाली. मग, “पिंजारी म्हंजी त्योच न्हवं? लग्नाच्या गाद्या भरल्या त्यो?”

“त्योच.”

तिनं पुढची शेंग उचलली. मला वाटलं, तिचं माझं मत एक आहे. आमच्या घरात मतं बहुतेक न बोलताच ठरत.

सकाळी ती माझ्या आधी चुलीपुढं बसली होती. रोज पाच भाकरी व्हायच्या. आज टोपल्यात सहा दिसल्या. “सहावी कुणाला?” मी विचारलं. “कुत्र्याला,” ती म्हणाली. एवढ्यात बसू लंगडत आला, स्वतःच खुंटीवरची शिदोरी घेतली आणि निघाला. त्याला अडवावं असं फार वाटलं. पण कारण काय सांगणार? चार वर्षांच्या पोराला त्या घराची वाट माझ्यापेक्षा जास्त पाठ होती.

माणसं आली ती न्याहारीच्या वेळेला. पाच जण. दोघांकडं भाले, एकाकडं भरमार बंदूक. पुढारी बाहेरगावचा, जाड मिशांचा. आणि बरोबर आमच्या गावचा बलभीम, एकोणीस-वीस वर्षांचा, हातात नवी कोरी काठी. मला त्यांच्यामागं जायला कुणी सांगितलं नव्हतं. मी खळ्यातून वळसा घालून रिबकाबाईच्या अंगणात गेले. वाक्य तोंडात तयार होतं. “तीच ती, कानाला भोकं बघा.” एवढंच म्हणायचं होतं.

रिबकाबाई ओसरीवर बसली होती. बसूचा पाय तिच्या मांडीवर. गळू दाबत होती आणि बसू गाव गोळा करील असा ओरडत होता. बाकीची सात पोरं भोवती बघत उभी, त्यांत जैनूही.

“मौला पिंजारी कुठाय?” पुढाऱ्यानं विचारलं.

तिनं मान वर केली नाही. त्यानं पुन्हा ओरडून विचारलं.

“त्या कानानं ऐकू येत न्हाय,” बलभीम म्हणाला. “रझाकारांनी हाणलं व्हतं. ह्या बाजूनं बोला.”

पुढारी जरासा गोंधळला. मग दुसऱ्या बाजूला गेला. त्याला पाहून ती म्हणाली, “थांबा जरा, पू निगतोय.” आणि पाच हत्यारबंद माणसं खरोखरच थांबली. तिनं गळू स्वच्छ केलं, चिंधी बांधली, बसूला खाली उतरवलं, हात धुतले. मला आजही वाटतं, तिला भीती वाटत होती. धुतलेले हात ती पदराला पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

“आता सांग. मौला कुठाय?”

“ठाऊक हाय. सांगणार न्हाय.”

“त्येची पोर तान्ही असताना तूच जगवली म्हनं, म्हंजी ती हितंच असंल. पोर घावली की बाप आपसूक भाईर यील. ह्यातली कंची?”

“समदी माज्या भरवशावर ठिवल्याली हायती. एकाचं बी नाव म्या घेणार न्हाय.”

बंदूकवाला पुढं सरला. पुढाऱ्यानं त्याला हातानं थांबवलं. माणूस मूर्ख नव्हता. त्याची नजर भिंतीवर गेली होती. खुंट्यांवर शिदोऱ्या लटकत होत्या, वेगवेगळ्या फडक्यांच्या.

“ह्ये काय?”

पोरांना कोण थांबवणार? एक चुणचुणीत पोरगी म्हणाली, “आमच्या शिदोऱ्या! त्यो लाल माजा!” पुढाऱ्यानं त्या मोजल्या. सात. मग पोरं मोजली. आठ. तो हसला.

“बरं. समद्यांनी आपापल्या शिदोरीखाली हुबं ऱ्हावा.”

पोरांना तो खेळच वाटला. पळत पळत जो तो आपल्या खुंटीखाली गेला. बसूसुद्धा लंगडत गेला. ओसरीच्या मधोमध एकटी जैनू राहिली, आणि समोर रिकामी आठवी खुंटी.

रिबकाबाईनं त्या पोरीला परकर शिवला, केस विंचरले, बाळ्या काढल्या, पण तिची शिदोरी टांगायची तिला सुचली नाही. कशी सुचेल? चौदा वर्षांत तिनं कधी कुणाची शिदोरी बांधलीच नव्हती. तिच्या घरची भाकरी त्या भिंतीवर कधी लागली नव्हती.

आता मला सांगायचीही गरज नव्हती. पुढाऱ्यानं जैनूच्या दंडाला धरलं. ती रडली नाही. डोळे मोठे करून रिबकाबाईकडं बघत राहिली. रिबकाबाई उठून मधे आली तर भालेवाल्यानं तिला आडव्या दांड्यानं मागं रेटलं. तेवढ्यात बलभीम मला पाहून म्हणाला, “ही शिवलिंगआप्पाची मंडळी. आषाढात मारलं त्यास्नी.”

पुढाऱ्याचा आवाज एकदम मऊ झाला. “मंग ताई, तुमीच सांगा. शेजारच्या हायसा, तुमाला ठावं असंल. ही त्येचीच का? तुमी म्हनाल तसं.”

जे सांगायला मी आले होते तेच तो मला हात जोडल्यासारखा विचारत होता. मी तोंड उघडलं. माझा नवरा मला दिसला, ओढ्यातल्या चिखलासकट. आणि पोरगीही दिसली. तिच्या दंडावर त्या माणसाची बोटं रुतली होती, आणि दंड बसूएवढाच होता.

“गिरिजे!” मागून आवाज आला. “पोरीची शिदोरी घरीच इसरून आलीस व्हय? डोकं कुठं ठिवतीस?”

अत्ती. चौदा वर्षांत जी बाई त्या अंगणाच्या आत आली नव्हती ती तरातरा ओसरी चढली. हातात आमच्याच फडक्यात बांधलेली शिदोरी. तिनं ती आठव्या खुंटीवर टांगली, पुढाऱ्याच्या हातातून जैनूचा दंड सोडवून घेतला, “बा इल्ली,” म्हणत तिला खुंटीखाली नेऊन उभी केली. मग कुठं मला सहाव्या भाकरीचा अर्थ लागला.

“ही कुणाची म्हनायची, आजी?”

“माज्या लेकीची. अक्कलकोटला दिलीया ती. दंग्याधोप्याची हितं आनून ठिवलीया.”

“नाव काय गं तुजं?” त्यानं जैनूला विचारलं.

“तिला मराठी येत न्हाय,” अत्ती म्हणाली. “कानडीत इचार.”

त्याला कानडी येत नव्हती. त्यानं पोरीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, “लिंगायताची पोर ना? मंग गळ्यात लिंग कुठाय?”

अत्तीची जीभ थांबलेली मी आयुष्यात त्या एकदाच पाहिली. तिनं भाकरी केली होती, फडकं निवडलं होतं, अक्कलकोट आठवलं होतं. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आमच्या गळ्यातलं लिंग ही इतकी सवयीची गोष्ट की ते कुणाकडं नसतं हेच आमच्या लक्षात राहत नाही.

ती माझ्याकडं बघत होती. रिबकाबाईही माझ्याकडंच. आणि तो माणूस.

“माज्यापाशी हाय,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. “दोरा तुटला व्हता. नवा घालून आणलाय.”

पदराआड हात घालून मी माझ्या गळ्यातलं लिंग काढलं. आमच्यात जन्मल्यावर एकदा गळ्यात पडलं की ते काढणं नाही, मरेपर्यंत. मातीतसुद्धा बरोबर जातं. अंगावेगळं झालं तर परत अंगावर येईपर्यंत पाणी प्यायचं नाही. ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं असतं असं मी कधी ऐकलं नव्हतं, तेही पिंजाऱ्याच्या पोरीच्या. मी जैनूपुढं गुडघ्यावर बसले. लिंगाची चांदीची डबी तिच्या छातीवर सोडली, मानेमागं गाठ मारली. आणि गाठ मारता मारता तिचे मोकळे केस दोन्ही कानांवरून पुढं ओढून घेतले. भोकं झाकली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. बसूच्याही केसांना तोच वास यायचा. रिबकाबाई सगळ्यांना एकाच बाटलीतलं लावायची.

पुढारी वळला. “बलभीम, ह्येंची लेक अक्कलकोटला हाय का?”

माझ्या नणंदेला मूल नव्हतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. अत्तीचे नवससायास बलभीमच्या आईनं स्वतः पाहिले होते. बलभीम भिंतीकडं बघत होता. तिसरी खुंटी एके काळी त्याची होती. त्याच्या नवीन काठीचं टोक जमिनीत रुतलं होतं.

“हाय,” तो म्हणाला. “अक्कलकोटलाच दिलीया.” तेवढंच म्हणाला. ते खरंही होतं.

ती माणसं गेली. गेली म्हणजे कुठं, पारावर जाऊन बसली. दिवसभर तिथंच. कुणाच्या मनात शंका होती आणि कुणाला नुसती सावली हवी होती, देव जाणे. पण पारावरून रिबकाबाईची ओसरी सरळ दिसते. म्हणजे लिंग जैनूच्या गळ्यातच राहायला हवं होतं, आणि माझ्या तोंडाला पाणी नव्हतं.

भादव्याचं ऊन कसलं असतं ते ज्यानं उडीद काढलाय त्यालाच विचारा. मी शेतात गेले नाही. खळ्यातच बसले, भिंतीच्या त्या ढासळलेल्या थराशी. जीभ टाळूला चिकटली. दुपारी अत्ती येऊन शेजारी बसली. तिनंही पाणी घेतलं नव्हतं, का ते सांगितलं नाही.

“अत्ती, स्वामींस्नी काय सांगायचं?” मी विचारलं. स्वामी म्हणजे आमचे जंगम, धर्माचं तेच बघायचे.

“काय बी न्हाय सांगायचं. इचारलं की त्ये न्हाय म्हनत्यात. न इचारलेलं पाप निम्मं असतं.”

पलीकडं पोरं जेवायला बसली. जैनूनं आमची शिदोरी सोडली. भाकरीबरोबर लसणाची चटणी आणि गुळाचा खडा होता. कुत्र्याला गूळ! खाण्याआधी तिचे ओठ हलले. काय पुटपुटली ते भिंतीपर्यंत आलं नाही, पारापर्यंत तर नाहीच.

दिवस कलायला लागल्यावर ती माणसं उठून दुसऱ्या गावाच्या वाटेला लागली. त्यांची डोकी ज्वारीच्या पलीकडं दिसेनाशी झाली तेव्हा मी ओसरीवर गेले. लिंगाला रिबकाबाईनं हात लावला नाही. चौदा वर्षांची सवय. तिनं जैनूलाच सांगितलं, आणि पोरीनं आपल्या हातानं ते मला दिलं. मी गळ्यात घातलं. मग मी तिथंच खाली बसले. तेव्हा मला रडू आलं. शिवलिंग गेल्यापासून एवढी मी रडले नव्हते.

रिबकाबाई पाणी द्यायला उठली. तिचा हात सवयीनं तिच्याच मडक्याकडं गेला आणि थांबला. ती बसूला हाक मारायला लागली, आमच्या घागरीतून ओतायला.

“तुमच्यातलंच द्या,” मी म्हणाले.

तिनं अत्तीकडं पाहिलं. अत्ती दारात उभी होती. तिनं अडवलं नाही, तशी रिबकाबाईनं तांब्या भरून दिला. मी तांब्या तोंडाला लावला आणि पूर्ण संपवला. मडक्याचं पाणी थंडगार होतं.

“पाणी झालं,” अत्ती म्हणाली. “भाकर आमचीच हाय. गाणं तेवढं शिकू नगस म्हंजी झालं.” मग रिबकाबाईकडं वळून, “आन तू गं रिबके, तुजं खरं तू बोलत जा. खोटं आमच्यावर सोड. तुला जमत न्हाय त्ये.”

नऊ दिवस आमच्या घरून शिदोरी गेली. नवव्या दिवशी मौला आला. चौदा कोस चालून, अंगावर एक सदरा. तो पोरीला घेऊन सोलापूरला गेला आणि तिथल्या गिरणीत लागला. जाताना त्यानं अत्तीच्या पायांवर डोकं ठेवलं. अत्ती म्हणाली, “थंडीच्या आदी यी. बसूची गादी पिंजायची हाय.” तो आलाही. आठवी खुंटी तशीच राहिली. बलभीम मला पुढं आयुष्यभर मान खाली घालून भेटायचा, आणि मीही त्याला तशीच. दोघांनी एकमेकांचं पाहिलं होतं.

माझ्या पोटात मात्र एक गोष्ट सलत राहिली. पुढं रिबकाबाईनंच मला अक्षरं शिकवली, आणि गावात बालवाडी निघाली तेव्हा तिची बाई मी झाले. रिबकाबाई म्हातारी झाली होती, तरी रोज यायची, पोरांच्या खाऊचे हरभरे निवडत बसायची. एक दिवस असंच निवडता निवडता मी विचारलं. आठ-नऊ वर्षं लागली मला ते विचारायला.

“रिबकाबाई, तुम्हाला ठाऊक होतं, मी सांगणार. मी तोंडावर बोलले होते. तरी तुम्ही म्हणालात, बसूला सकाळी लवकर पाठवा. का म्हणालात? माझं मन वळवायला?”

तिनं चांगला कान पुढं केला. मी पुन्हा विचारलं. तिला आठवायलाच वेळ लागला. हरभऱ्यातला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, “मन कशाचं वळवतीया? गळू फुटायला आलं व्हतं की त्येचं.”